व्हीलचेअर वाटून झाल्या, आता पडणं कोण थांबवणार?

दर 3 डिसेंबरला, म्हणजे जागतिक दिव्यांग दिनाला, आणि निवडणुका जवळ आल्या की वर्षभर कधीही, आपल्याकडे व्हीलचेअर वाटपाचे कार्यक्रम होतात. मांडव, मागे फ्लेक्स, समोर ओळीने लावलेल्या नव्याकोऱ्या खुर्च्या, हँडलला अजून प्लास्टिक गुंडाळलेलं, आणि एकेकाचं नाव पुकारून त्याला खुर्चीत बसवून काढलेला फोटो. मी या कार्यक्रमांच्या विरोधात अजिबात नाही. ज्या माणसाला खिडकीपर्यंत जायलासुद्धा कुणीतरी उचलावं लागतं त्याला खुर्ची मिळणं ही खूप मोठी गोष्ट आहे. पण मी जे कार्यक्रम पाहिलेत तिथं मला एक साधी वस्तू कधी दिसली नाही, ती म्हणजे मोजायची टेप. सहा फुटी माणूस आणि बारा वर्षांची मुलगी दोघांना एकाच मापाची खुर्ची, आणि घरी गेल्यावर ती उंबऱ्यावरून कशी न्यायची, ब्रेक कधी लावायचा, संडासात कशी घुसवायची याबद्दल कुणी एक शब्द बोलत नाही.

माझं म्हणणं असं आहे की ज्यांना चालता येत नाही किंवा नीट चालता येत नाही अशा माणसांचं पडणं आपण वयावर, नशिबावर, नाहीतर “तोल गेला हो” यावर ढकलतो, पण ते बहुतेक वेळा आधीच ठरलेलं असतं. मापाबाहेरच्या खुर्चीत, ओल्या मोरीत, नको तेवढ्या चढ्या रॅम्पवर ते वाट बघत असतं. आणि ते थांबवायचं सगळं काम घरातल्या बायकांच्या दंडातल्या ताकदीवर सोडून सरकार, दवाखाने, सोसायट्या सगळ्यांनी अंग काढून घेतलंय. खुर्चीबरोबर माप, बेल्ट, शिकवणं, दुरुस्ती आणि घरच्या संडास-बाथरूमची सुधारणा हे सगळं एकत्रच मिळालं पाहिजे, आणि त्यासाठी पैसे आहेत, कुठे आहेत ते पुढे सांगते.

आधी प्रश्न केवढा आहे ते बघू. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार जगात दरवर्षी साधारण 6 लाख 84 हजार माणसं पडल्यामुळे मरतात. अपघाती मृत्यूंमध्ये रस्त्यावरच्या अपघातांनंतर दुसरा नंबर पडण्याचाच लागतो, आणि यातले ऐंशी टक्क्यांहून जास्त मृत्यू आपल्यासारख्या कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत होतात. रस्त्यावरच्या अपघातासाठी आपल्याकडे हेल्मेटसक्ती आहे, सप्ताह साजरे होतात, पोलिस चौकात उभे असतात. बाथरूममध्ये पडलेल्या माणसासाठी काय आहे? 2011 च्या जनगणनेत देशात 2 कोटी 68 लाख दिव्यांग नोंदले गेले, त्यातले साधारण 54 लाख चालण्या-फिरण्याशी संबंधित अपंगत्व असलेले. महाराष्ट्रातले एकूण दिव्यांग 30 लाखांच्या आसपास. आणि हे झाले नोंदलेले. पॅरॅलिसिस झालेला आजोबा, गुडघे गेलेली आजी, शुगरमुळे पाय कापावा लागलेला रिक्षावाला, हे स्वतःला दिव्यांग म्हणवून घेतच नाहीत, त्यामुळे कुठल्या यादीतही येत नाहीत.

आता खुर्चीकडे येऊ, कारण लोकांना वाटतं खुर्चीत बसला म्हणजे सुटला, आता कशाला पडतोय. उलट आहे. आपल्याकडे जी सर्रास मिळते ती लोखंडी, क्रोमची, घडीची, कापडी किंवा रेक्झिनच्या सीटची खुर्ची मुळात हॉस्पिटलसाठी आहे, म्हणजे पेशंटला वॉर्डातून एक्सरेला न्यायचं आणि परत आणायचं. दिवसातले दहा-बारा तास, वर्षानुवर्षं तिच्यात बसायला ती केलेलीच नाही. सीट काही महिन्यांत झोळीसारखी खाली येते, दोन्ही मांड्या आत वळतात, कंबर एका बाजूला कलते. सीट खोल असेल तर माणूस पुढे घसरत घसरत अर्धा आडवा होतो. रुंद असेल तर एका कुशीवर झुकतो आणि चाकापर्यंत हातच नीट पोचत नाहीत. माप बरोबर आहे का हे घरी बघायची सोपी खूण म्हणजे पाठ मागे टेकवून बसल्यावर गुडघ्यामागची पोकळी आणि सीटची कड यांच्यात दोनेक बोटं जागा राहिली पाहिजे, आणि पाय फूटरेस्टवर टेकलेले असताना मांडी पूर्ण सीटवर टेकली पाहिजे. गुडघे वर आलेत, मांडी अधांतरी आहे, असं असेल तर फूटरेस्टची उंची चुकलीय, आणि ती बहुतेक खुर्च्यांत एका नटाने बदलता येते. नट कुठला ते दाखवणारं कुणी नसतं एवढंच.

मग घसरणाऱ्या माणसाला घरचे काय करतात? ओढणीने बांधतात. जुन्या साडीच्या पट्टीने बांधतात. मी हे इतक्या घरांत पाहिलंय की आता लांबूनच रंग दिसतो. आणि ओढणी बांधतात ती पोटावर किंवा छातीवर, कारण तिथं बांधायला सोपं. पण माणूस खाली घसरला की ती वर सरकते, पोटावरून छातीवर, छातीवरून गळ्याकडे, आणि ज्याला हात हलवता येत नाही, नीट हाक मारता येत नाही, त्याच्यासाठी हे जिवावर बेतू शकतं. बेल्ट हवाच असेल तर तो कमरेच्या खाली, मांडी आणि पोट जिथे दुमडतात त्या घडीत बसला पाहिजे आणि तिरका मागे-खाली सीटच्या कोपऱ्याला गेला पाहिजे, म्हणजे कंबर मागे धरून ठेवतो. आणि तो सोडता यायला हवा, शक्यतो बसणाऱ्यालाच. अशा बेल्टला खर्च तो किती? मग तो खुर्चीबरोबर का मिळत नाही?

ब्रेकचंही असंच. साध्या व्हीलचेअरचा ब्रेक म्हणजे टायरवर दाबून बसणारी एक लोखंडी दांडी, बस. टायरमध्ये हवा कमी असेल तर दांडी टायरपर्यंत नीट पोचतच नाही. लिव्हर ओढलेली असते, घरच्यांना वाटतं ब्रेक लागलाय, आणि आजी उठायला जाते तेव्हा खुर्ची मागे सरकते. म्हणजे पडण्याचं कारण काय तर पंप मारलेला नव्हता! पंक्चरवाल्याकडे दहा मिनिटांत होणारं काम, पण वाटपाच्या दिवशी “हवा आठवड्याला बघा” एवढं वाक्यही कुणी सांगितलेलं नसतं.

पुढची छोटी चाकं ही दुसरी गोष्ट. सध्या गावोगावी, गल्लोगल्ली पेव्हर ब्लॉक टाकायचं काम चाललंय, आणि दोन वर्षांत ते खालीवर होतात. व्हीलचेअरचं पुढचं चाक त्या फटीत अडकलं, मागून ढकलणारा जोरात असला, की खुर्ची जागेवर थांबते आणि माणूस पुढे तोंडावर जातो. म्हणून खड्डा, फट, उंबरा आला की खुर्ची किंचित मागे कलवून पुढची चाकं आधी पलीकडे ठेवायची, आणि उतार असेल तर ढकलणाऱ्याने खुर्ची उलटी करून, आपण खालच्या बाजूला राहून, मागे मागे उतरवायची. बसलेल्याला उताराकडे तोंड करून खाली नेणं म्हणजे त्याला ओतण्यासारखंच आहे. उठताना फूटरेस्टवर उभं राहिलं तर सगळी खुर्ची पुढे उलटते, हेही कितीतरी जणांना माहीत नसतं, त्या पट्ट्या आधी वर दुमडायच्या असतात. मागच्या हँडलला बाजाराच्या जड पिशव्या लटकवतात, माणूस उठला की खुर्ची मागे पडते. आणि ज्यांचे दोन्ही पाय मांडीपासून कापलेत त्यांचं तर पुढचं वजनच गेलेलं असतं, त्यांच्यासाठी मागचं चाक आणखी मागे घ्यावं लागतं नाहीतर साध्या चढावर खुर्ची मागे उलटते. शुगरमुळे पाय गमावणाऱ्यांची संख्या बघता हे प्रत्येक सर्जरीच्या वॉर्डात सांगायला हवं.

उचलून न्यायची तर आपल्याकडे परंपराच आहे. लिफ्ट नाही? “काय नाय, आम्ही चौघं आहोत ना, उचलू.” भावना चांगली असते पण ही चौघं खुर्चीला धरतात कुठे? हातांच्या दांड्यांना, ज्या बऱ्याच खुर्च्यांत काढता येणाऱ्या असतात आणि ऐन जिन्यात निघून हातात येतात. नाहीतर फूटरेस्टला, तोही सुटा. मागच्या हँडलचं रबर ढिलं असेल तर तेही निसटतं. 2023 मध्ये मुंबईत खारच्या विवाह नोंदणी कार्यालयात व्हीलचेअर वापरणाऱ्या विराली मोदी यांना स्वतःच्या लग्नासाठी दुसऱ्या मजल्यावर उचलून न्यावं लागलं, लिफ्ट नव्हती आणि सही घ्यायला अधिकारी खाली आले नाहीत. त्यांनी ते जाहीरपणे मांडलं, गाजलं, नंतर सरकारकडून दिलगिरीही आली. तेव्हा चर्चा झाली ती अपमानाची, आणि ती व्हायलाच हवी होती, पण त्यांनी स्वतः हेही विचारलं होतं की नेताना मी पडले असते तर जबाबदार कोण? त्या प्रश्नाचं उत्तर अजून कुणी दिलेलं नाही.

आता घरात येऊ. खरं पडणं इथं आहे. बाथरूम, मोरी, संडास. आपल्या जुन्या घरांतली मोरी डोळ्यासमोर आणा. चार-सहा इंचाचा कट्टा, आत शहाबादी नाहीतर गुळगुळीत टाईल, कोपऱ्यात बादली, साबणाचं पाणी, दार जेमतेम दोन फुटांचं. व्हीलचेअर आत जातच नाही, त्यामुळे माणसाला दारात उठवायचं, धरून आत न्यायचं, प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवायचं. ती प्लास्टिकची खुर्ची ओल्या फरशीवर कशी पाय फाकवते ते ज्याने पाहिलंय त्यालाच कळेल. आणि पडताना माणूस हाताला येईल ते धरतो. काय येतं हाताला? टॉवेलचा रॉड. तो दोन छोट्या स्क्रूवर टॉवेलाचं वजन पेलायला लावलेला असतो, सत्तर किलोचा माणूस लटकला की प्लगसकट भिंतीतून बाहेर येतो. नाहीतर वॉश बेसिन, तेही ब्रॅकेटवरून सुटून पायावर.

आमच्या अण्णांना पॅरॅलिसिसचा झटका आला, उजवी बाजू गेली. ज्या हॉस्पिटलमध्ये होते तिथले उपचार चांगले होते, त्याबद्दल माझी तक्रार नाही, पण डिस्चार्जच्या फाईलमध्ये गोळ्यांच्या वेळा, पथ्य, बीपी, पुढची तारीख सगळं होतं आणि त्यांना बेडवरून खुर्चीत कसं घ्यायचं याबद्दल एक ओळ नव्हती. वॉर्डबॉयने उचलून गाडीत ठेवलं. पुढं घरी आम्ही, म्हणजे आई, वहिनी आणि मी. नंतर फिजिओ घरी यायला लागले तेव्हा त्यांनी पहिल्याच दिवशी जे शिकवलं ते शिकवायला अर्धा तासही लागला नाही. खुर्ची चांगल्या बाजूला, बेडशी जरा तिरकी लावायची, ब्रेक, फूटरेस्ट वर, आधी बेडच्या कडेशी सरकवून दोन्ही पाय जमिनीवर पक्के टेकवायचे, मग पुढे वाकवायचं, नाक पायाच्या बोटांच्या वर येईपर्यंत, आणि मग उठवायचं. धरायचं कमरेला, तिथं रुंद बेल्ट बांधून. काखेत हात घालून ओढायचं नाही, आणि लुळ्या हाताला तर मुळीच नाही, खांदा निखळतो. हे सगळं हॉस्पिटलमध्येच, आमच्याकडून दोनदा करून घेऊन, का नाही होऊ शकत? डिस्चार्जच्या आधी बिल भरल्याची पावती बघतात तशी “घरच्यांना शिकवलं” याची सही का बघत नाहीत?

त्याच फिजिओंनी बाथरूममधला ग्रॅब बार बघितला आणि म्हणाले हा कुणी लावलाय? प्लंबरने उजवीकडच्या भिंतीवर लावला होता, कारण डावीकडे पाईप होता. अण्णांचा उजवा हात चालत नाही! म्हणजे स्टीलचा छान चकचकीत दांडा समोर आणि तो धरायला हात नाही. डावीकडे लावला, चार इंच खाली आणला, तेव्हापासून अण्णा कमोडवरून उठताना कुणाच्या गळ्यात पडत नाहीत, दांडा धरतात, थांबतात, श्वास घेतात, उठतात. एवढीच गोष्ट. पण दांडा कुठल्या बाजूला, किती उंचीवर, हे त्या माणसाचं शरीर बघून ठरतं आणि ते ठरवणारी व्यक्ती आपल्या कुठल्याही सरकारी योजनेत घरापर्यंत येत नाही.

रात्रीचं पडणं वेगळं आणि त्यामागचं कारण ऐकलं की जीव तुटतो. बीपीच्या, पाणी काढायच्या गोळ्या चालू असतात, झोपेची गोळी असते, रात्री दोन-तीनदा लघवीला लागते, अंधार असतो, आणि आजी एकटी उठते. का उठते? “सुनेला कशाला उठवायचं, दिवसभर राबते ती.” म्हणजे दुसऱ्याला त्रास नको म्हणून. उठल्या उठल्या उभं राहिलं की बीपी खाली येतं, डोळ्यापुढे अंधारी, आणि खुब्याचं हाड. अशा म्हाताऱ्या माणसाला “का उठलीस एकटी” म्हणून रागवण्यात काही अर्थ नाही. बेडशेजारी कमोड चेअर किंवा युरिन पॉट, बेडखाली पाय ठेवायच्या जागी रात्रीचा छोटा दिवा, आणि काठावर दोन-चार मिनिटं बसून मग उठायची सवय, एवढ्याने बराच फरक पडतो. डॉक्टरांनीही गोळ्या देताना विचारावं की रात्री किती वेळा उठता, आणि पाणी काढायची गोळी संध्याकाळी घेत असतील तर तिची वेळ बदलता येते का ते बघावं.

इथं एक गोष्ट जोर देऊन सांगते, कारण सुरक्षिततेच्या नावाखाली आपण भलतंच करतो. पडू नये म्हणून उठूच द्यायचं नाही. “बसून राहा, काय हवं ते सांगा, आणून देतो.” प्रेमापोटीच असतं, पण महिनाभर असं झोपवून ठेवलं की पायातली उरलीसुरली ताकद जाते, पाठीला जखमा होतात, आणि मग कधी उठवलं की माणूस आधीपेक्षा जास्त पडतो. खडकीचं पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर 1974 पासून पुण्यात आहे, मणक्याला इजा झालेले जवान तिथं व्हीलचेअरवर राहतात, काम करतात, खेळतात. कोल्हापुरात नसीमा हुरजूक यांनी, स्वतः व्हीलचेअरवर असताना, 1984 मध्ये हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड सुरू केली आणि मुलांची शाळा, वसतिगृह, रोजगार असं सगळं उभं केलं. ही माणसं काय कधी पडली नसतील? खुर्ची अंगाच्या मापाची असणं, तिच्यावर हात बसणं, मागच्या दोन चाकांवर तोल सांभाळता येणं, आणि उलटलोच तर हनुवटी छातीला लावून डोकं वाचवता येणं, हे सगळं शिकता येतं. जे शिकून येतं त्याच्यासाठी माणसाला कोंडून ठेवायचं कारण नाही.

मापाची खुर्ची म्हणजे परदेशी, महागडं काहीतरी, असंही आता राहिलेलं नाही. आयआयटी मद्रासमधल्या कामातून निओफ्लाय नावाची खुर्ची निघाली, ती माणसाच्या मापानुसार बनवून मिळते. आली तेव्हा किंमत चाळीस हजारांच्या आसपास होती, जी गरीब घराला परवडणारी नाही हे मान्य, पण सरकार हजारो खुर्च्या घेणार असेल तर त्यातल्या काही तरी अशा का नसाव्यात, निदान जे दिवसभर खुर्चीतच असतात त्यांच्यासाठी?

सरकारी योजना आहेत, नाहीत असं नाही. दिव्यांगांना साधनं देणारी केंद्राची एडिप योजना 1981 पासून आहे, ज्येष्ठांसाठीची केंद्राचीच राष्ट्रीय वयोश्री 2017 पासून, आणि राज्याची मुख्यमंत्री वयोश्री योजना 2024 मध्ये आली, तिच्यात 65 वर्षांवरच्या पात्र ज्येष्ठांना साधनं घ्यायला एकदाच 3000 रुपये थेट खात्यात मिळतात. एडिपमध्ये आधी तपासणी आणि मग वाटप असा क्रमही आहे. पण या सगळ्यांचा हिशोब शेवटी वस्तूंवर आणि रकमेवर येऊन थांबतो, किती वाटल्या, किती खात्यांत गेले. जागतिक आरोग्य संघटनेने 2008 मध्येच आपल्यासारख्या देशांसाठी व्हीलचेअर पुरवायच्या आठ पायऱ्या सांगितल्यात, माणूस येण्यापासून तपासणी, शिफारस, पैशाची सोय, जुळणी, अंगाला बसवून बघणं, वापर शिकवणं आणि शेवटी पाठपुरावा-दुरुस्ती. आपण पैशाच्या पायरीवर सगळी ताकद लावतो आणि शेवटच्या तीन पायऱ्या जवळजवळ सोडून देतो. पडणं तर त्या शेवटच्या तीन पायऱ्यांवरच थांबतं.

आता रॅम्प. रॅम्पचा नियम साधा आहे, 1 ला 12. एक फूट चढायचं तर बारा फूट लांबी. म्हणजे सोसायटीच्या दारात तीन पायऱ्या असतील, दीड फूट उंची, तर रॅम्प अठरा फूट लांब पाहिजे. आपल्याकडे किती असतो? पाच-सहा फूट. पायऱ्यांच्या एका बाजूला सिमेंट थापून दिलेला घसरगुंडीसारखा चढ, वरून गुळगुळीत टाईल, कडेला कठडा नाही, खाली संपतो तिथं गटाराची जाळी. तो स्कूटर चढवायला वापरतात आणि कागदावर मात्र इमारत सुगम होते. असा रॅम्प नसलेला बरा, कारण रॅम्प दिसला म्हणून घरचे विश्वासाने खुर्ची त्यावर घालतात.

आणि यात कायद्याची अडचण नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 चा आहे, जुन्या सार्वजनिक इमारतींना सुगम व्हायला त्यात पाच वर्षांची मुदत होती, ती कधीच संपली. 8 नोव्हेंबर 2024 ला राजीव रतुरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की कायदा सक्ती करतो आणि सरकारच्या 2017 च्या नियमांतला नियम 15 मात्र फक्त शिफारशी करतो, हे चालणार नाही, आणि पाळावेच लागतील असे नियम तीन महिन्यांत करा. निकाल महत्त्वाचा आहे, त्याचा पाठपुरावा झालाच पाहिजे. पण तो निकालही सार्वजनिक जागांपुरता. घराच्या दारात कायदा थांबतो, आणि आजी पडते ती दाराच्या आत.

जपानमध्ये 2000 साली दीर्घकालीन देखभालीचा सार्वजनिक विमा सुरू झाला आणि त्यात घर बदलण्यासाठी 2 लाख येनपर्यंतचा खर्च धरलेला आहे. कशासाठी? भिंतीला दांडे लावणं, उंबरे काढणं, न घसरणारी फरशी, सरकतं दार, उकिडवं बसायचा संडास काढून कमोड करणं. माणसाने थोडा हिस्सा भरायचा, बाकी विमा देतो. म्हणजे तिथं संडासातला दांडाही देखभालीचा भाग आहे असं मानलंय.

आपण जपान नाही, पैसे कुठून आणायचे, असं कुणी म्हणेल. पैसे आहेत. महाराष्ट्रात ग्रामपंचायतीपासून महापालिकेपर्यंत प्रत्येक स्थानिक संस्थेने स्वतःच्या उत्पन्नाचे 5 टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे आहेत, आधी हे 3 टक्के होते. बच्चू कडूंच्या आंदोलनांमुळे हा निधी निदान लोकांना माहीत झाला. पण होतं काय, तो एकतर पडून राहतो नाहीतर वर्षाच्या शेवटी घाईघाईत यादीतल्या सगळ्यांना थोडे थोडे रुपये वाटून टाकतात. ते पैसेही गरजूंच्या कामी येतात, मी नाकारत नाही. पण यातला ठरावीक वाटा घरातल्या संडास-मोरीच्या सुधारणेसाठी आणि खुर्च्यांच्या दुरुस्तीसाठी राखून ठेवला तर त्याच पैशात माणूस पडायचा थांबेल. लहान ग्रामपंचायतीचं उत्पन्न तुटपुंजं असतं हे खरं, म्हणून तालुका पातळीवर एकत्र करा. एक फिजिओथेरपिस्ट, एक आयटीआय झालेला फिटर, एक गवंडी. महिन्यातून ठरलेल्या दिवशी ठरलेल्या गावी. खुर्च्या तपासायच्या, हवा, ब्रेक, बेअरिंग, बेल्ट. घरी जाऊन दांडा कुठे लावायचा ते खुणा करून द्यायचं. गावातल्या सायकलवाल्याला शिकवा, तो पुढचं सगळं सांभाळेल. आशाताई घरोघरी जातातच, त्यांना या कामाचे वेगळे पैसे देऊन घर बघायची छोटी यादी द्या, फुकटात नाही, त्यांच्यावर आधीच खूप कामं लादलीत. डिसेंबर 2022 मध्ये राज्याने दिव्यांग कल्याणासाठी स्वतंत्र विभाग काढला, तेव्हा या कामाला वाली नाही असंही म्हणता येणार नाही.

“आमच्याकडे माणसं आहेत धरायला” हे जे म्हणतात त्यांना विचारायचंय की कोण माणसं? बहुतेक वेळा बायको, सून, मुलगी. पंचेचाळीस किलोची बाई पंच्याहत्तर किलोच्या माणसाला दिवसातून आठ वेळा उचलते. तिची कंबर जाते, मग दोघं मिळून पडतात, आणि तिच्या पडण्याची तर कुठे नोंदही होत नाही. एक स्टीलचा दांडा हजाराच्या आतबाहेर मिळतो, खुब्याच्या ऑपरेशनला खासगीत लाखाच्या पुढे जातात, आणि त्यानंतर कितीतरी म्हातारी माणसं पुन्हा पहिल्यासारखी उभी राहत नाहीत. हा हिशोब समजायला कुणी तज्ज्ञ नको.

म्हणून विनंती आहे, ज्यांच्या घरात असं कुणी आहे त्यांनी येत्या ग्रामसभेत, 15 ऑगस्ट असो की 2 ऑक्टोबर, 5 टक्के निधीतून न्हाणीघर-संडास सुधारणा आणि व्हीलचेअर दुरुस्ती हा विषय लेखी मांडा. शहरात असाल तर वॉर्ड ऑफिसात अर्ज द्या, आणि सोसायटीची वार्षिक सभा सप्टेंबरअखेरपर्यंत होते, त्याच्या आधी रॅम्पची लांबी टेपने मोजून ठेवा आणि विषय अजेंड्यावर घ्यायला लावा. अर्जात नुसतं “मदत मिळावी” लिहू नका. संडासाच्या दाराची रुंदी इंचात लिहा, उंबरा किती उंच ते लिहा, माणसाचा कुठला हात चालतो ते लिहा, खुर्ची कधी मिळाली आणि तिचं काय बिघडलंय ते लिहा, आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्क्यासह पोच घेतल्याशिवाय तिथून उठू नका.